रॉ फोटोंचं सॉफ्टवेअर बदलताना: नागपूरच्या एका लग्न-स्टुडिओचं प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरातला हा एक जुना स्टुडिओ. पुढे पासपोर्ट फोटोचा काउंटर, पडद्यामागे एडिटिंगची खोली आणि माळ्यावर करिझ्मा अल्बमचे नमुने. मालकांना सगळे भाऊच म्हणतात. रोल भरून फोटो काढायच्या काळापासून ते या धंद्यात आहेत. एडिटिंग त्यांची पुतणी सांभाळते आणि सीझनपुरता एक कँडिडवाला रोजावर येतो. मी फोटोग्राफर नाही. अशा दोन-चार स्टुडिओंचे संगणक, हार्डडिस्क आणि बॅकअप बघणं हे माझं काम. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. त्यातल्या दोन माझ्या आहेत.

एका लग्नात साडेतीन हजारांच्या आसपास फोटो निघतात. सगळे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली, एकेक फोटो तीसेक एमबीचा, म्हणजे एका लग्नाचे शंभर जीबी. भाऊंचे निकॉनचे दोन डी७५० कॅमेरे जुने, २०२१ साली घेतलेला झेड६ टू त्यातल्या त्यात नवा. एडिटिंग मात्र अडोबीच्या २०१५ सालच्या लाइटरूम ६ या सॉफ्टवेअरवरच चालायचं. एकदाच पैसे भरून कायमचं विकत मिळालेलं ते शेवटचं लाइटरूम. २०१७च्या डिसेंबरनंतर त्याला अपडेट आलं नाही, त्यामुळे पुढे निघालेल्या कॅमेऱ्यांच्या फाइली ते ओळखत नाही.

झेड६ टूसाठी पुतणीने वाट काढली होती. अडोबीचं डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतं. त्यातून फाइली डीएनजी, म्हणजे अडोबीच्या रॉ प्रकारात, करून घ्यायच्या, म्हणजे जुनं लाइटरूम त्या उघडतं. युक्ती बरोबर होती. पण डिस्क भरत चालली म्हणून डीएनजी झाल्यावर मूळ फाइली पुसून टाकायची सवय लागली. तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

अडचण

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये एडिटिंगचा संगणक बसला. मदरबोर्ड गेला होता, डिस्क वाचली. सीताबर्डीवरून नवा संगणक आणला आणि जुनं लाइटरूम चढवायला बसलो, तर ज्या ईमेलवर ते नोंदवलेलं होतं तो सहा वर्षांपूर्वी काम सोडून पुण्याला गेलेल्या मुलाचा निघाला. मुलगा फोनवर सापडला, बोलला चांगलं, पण तो ईमेल त्याने केव्हाच बंद केला होता. चूक स्टुडिओचीच. धंद्याची वस्तू नोकराच्या नावावर घेतली होती.

दिवाळी तोंडावर आलेली. तुळशीचं लग्न लागलं की पुढच्या आठवड्यापासून तारखा सुरू. हाताशी जेमतेम तीन आठवडे होते.

आधी दोन शब्द रॉबद्दल

भाऊंचा पहिला प्रश्न होता, "फोटो तर कॅमेऱ्यानंच काढला ना बाप्पा, मग सॉफ्टवेअर बदललं तर फोटो कायले बदलते?" प्रश्न बरोबर आहे आणि पुढचं सगळं प्रकरण त्याच्या उत्तरावर उभं आहे.

रॉ फाइल म्हणजे तयार फोटो नव्हे. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची काच असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी या मांडणीचं पेटंट १९७६ साली मिळवलं, ती आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. म्हणजे ठिपक्यागणिक एक रंग मोजलेला असतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरलेले. तो अंदाज कसा बांधायचा, कॅमेऱ्याचा लाल म्हणजे पडद्यावरचा कोणता लाल, १४ बिटच्या रॉमधल्या उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या जेपेगच्या, म्हणजे तयार फोटोच्या, २५६ पायऱ्यांत कशा बसवायच्या, हे सगळं सॉफ्टवेअर ठरवतं. भाऊंना मी म्हटलं, पोहे तेच, तर्री ज्याच्या त्याच्या ठेल्याची. ते त्यांना लगेच पटलं.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा सांगायला हवी होती, ती राहिली. एडिटिंग मूळ फाइलमध्ये लिहिलं जात नाही. किती उजळवलं, कुठे कापलं, याची फक्त नोंद राहते, आणि ती नोंद त्या-त्या सॉफ्टवेअरच्या भाषेत असते.

समोर असलेले पर्याय

पुतणीने वहीत पाच नावं लिहिली.

लाइटरूम क्लासिक. हात बसलेला, जुना कॅटलॉग, म्हणजे फोटोंची आणि एडिटिंगची नोंदवही, जसाच्या तसा उघडणारा. पण भाड्याने, तेव्हा महिन्याला हजार रुपयांच्या आत. भाऊंना पैशापेक्षा भाडं हा शब्दच खटकत होता. "दुकानाचं भाडं देतो, आता ब्रशचंही द्यायचं?" भाडं थांबलं तर काय, हे मी पाहून सांगितलं. फोटो दिसतात, निवडता येतात, बाहेरही काढता येतात, पण एडिटिंगचा डेव्हलप विभाग बंद होतो.

कॅप्चर वन. त्वचेच्या रंगासाठी नावाजलेलं, आणि प्रत्येक कामाची वेगळी पेटी ठेवायची त्याची सेशनची पद्धत लग्नाच्या धंद्याला चांगली बसते. विकतही मिळतं, पण फेब्रुवारी २०२३ पासून विकतच्या प्रतीला पुढच्या नव्या सोयी मिळणं बंद झालं होतं. किंमत ऐकून भाऊंनी वही मिटली. मला वाटतं, या नावावर विचारच झाला नाही.

डीएक्सओ फोटोलॅब. अंधारातल्या फोटोंचा दाणा, म्हणजे खरखरीतपणा, काढण्यात आणि लेन्सचे दोष सुधारण्यात तरबेज, शिवाय विकत घेता येणारं. त्याची डीपप्राइम पद्धत खरोखर चांगली आहे, पण ती नीट चालायला ग्राफिक्स कार्ड लागतं. इथे माझी पहिली चूक. संगणक घेताना पैसे वाचावेत म्हणून ग्राफिक्स कार्ड नको, असं मीच सांगितलं होतं. सॉफ्टवेअर ठरायच्या आधी संगणक आला आणि एक पर्याय तिथेच लंगडा झाला.

एनएक्स स्टुडिओ. निकॉनचं स्वतःचं, फुकट. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसतो तोच रंग इथे मिळतो आणि निकॉनची कोणतीही फाइल उघडते. पण साडेतीन हजार फोटो हाकायला फार संथ. शिवाय ते डीएनजी उघडत नाही. म्हणजे २०२१ पासून ज्यांच्या मूळ फाइली पुसल्या होत्या, त्या सगळ्या फोटोंना इथे दार बंद. पुसण्याची ती सवय इथे पहिल्यांदा महाग पडली.

डार्कटेबल. मुक्त सॉफ्टवेअर, एक पैसा नाही, आणि ताकदीने कुणाहून कमी नाही. सोबत रॉथेरपीचंही नाव होतं. बारकावा खेचण्यात ते उत्तम, पण हजारोंनी फोटो छाटायला बेताचं, म्हणून मागे पडलं.

पहिली चाचणी आणि पहिला निर्णय

पुतणीने दहा फोटो निवडले. फुटाळ्यावरचं संध्याकाळचं प्री-वेडिंग, अंबाझरीच्या काठावरची दोन, एका बारशाचे खिडकीच्या उजेडातले. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधून काढून शेजारी शेजारी लावले. सगळेच सुंदर. फरक शोधायला डोळे बारीक करावे लागत होते.

भाऊ म्हणाले, "सगळे सारखेच दिसून राहिले, मग फुकटचं काय वाईट?" मीही मान डोलावली. ही माझी दुसरी चूक. मऊ उजेडातला, नीट एक्स्पोज झालेला फोटो कुठलंही सॉफ्टवेअर चांगलाच काढतं. त्यावरून सॉफ्टवेअर निवडणं म्हणजे डांबरी रस्त्यावर चालवून ट्रॅक्टर घेण्यासारखं.

डार्कटेबल ठरलं. पुतणीला शिकायला दोन आठवडे मिळाले, तेही दिवाळीचा फराळ आणि काउंटरवरची गर्दी सांभाळून.

पहिलं लग्न

वर्धा रोडवरचं एक लॉन. दुपारी हळद, संध्याकाळी वरात, रात्री स्टेजवर रिसेप्शन. एका दिवसात तीन संकटं.

हळद सगळ्यात शिकवणारी. भर दुपार, वर पिवळ्या कापडाचा मंडप, पिवळीच साडी आणि नवरीच्या गालावर ओली हळद. पिवळ्यात लाल आणि हिरवा हे दोन्ही भरभरून असतात, निळा जवळजवळ शून्य. लाल-हिरवे कमाल मर्यादेला टेकले की गालावरचा पोत जातो. बोटांनी ओढलेल्या रेघा, सुकून तडकलेली कड, मधूनच उघडी राहिलेली त्वचा, हे सगळं सपाट होतं आणि गालावर प्लास्टिकची पट्टी चिकटवल्यासारखं दिसतं. डार्कटेबलमध्ये तसं झालं नाही, रेघा राहिल्या. मात्र फिल्मिक नावाचा त्याचा भाग जास्त उजेडाचे रंग फिके करत नेतो, त्यामुळे हळद लिंबाच्या सरबताच्या रंगाची झाली. नवरीच्या आईने कॅमेऱ्याच्या पडद्यावर झगझगीत पिवळा बघितलेला होता. निवडीचे फोटो गेल्यावर तिचा फोन आला, "हळद कमी लागली का हो?"

रिसेप्शनला स्टेजभर निळे-जांभळे एलईडी. या दिव्यांचा निळा फार अरुंद पट्ट्यातला असतो. सेन्सरचा निळा भाग भरून वाहतो, लाल-हिरवे उपाशी राहतात. चेहऱ्यावर नाक-डोळ्यांऐवजी जांभळा डाग उरतो. इथे डार्कटेबलने कमाल केली. कलर कॅलिब्रेशनमधली गॅमट, म्हणजे रंगांचा पल्ला, आवळायची सोय वापरल्यावर चेहऱ्यांना चेहरेपण आलं. लाइटरूम ६ मध्ये पुतणी असे फोटो सरळ काळे-पांढरे करून टाकायची. अर्थात जो लाल प्रकाश पडलाच नव्हता तो काही परत आला नाही. त्याचा इलाज फ्लॅशचा, आणि तो लॉनवरच करावा लागतो.

म्हणजे रंगाच्या बाबतीत एक डाव हरलो, एक जिंकलो. खरा मार बसला तो वेळेत. लाइटरूममध्ये तीन दिवसांत होणारं लग्न आठ दिवस चाललं. डार्कटेबल सगळ्या चाव्या हातात देतं, आणि पुतणीला प्रत्येक चावी कुठल्या कुलपाची ते आठवावं लागत होतं. ग्राफिक्स कार्ड नसल्याने प्रत्येक बदलानंतर पडदा क्षणभर थबकायचा. एक क्षण काहीच नाही, साडेतीन हजार वेळा तो फार होतो.

त्यात कँडिडवाल्याचं कार्ड. त्याने नवा कोरा झेड८ आणला होता आणि जागा वाचावी म्हणून फाइली हाय एफिशिएन्सी प्रकारात घेतल्या होत्या. फाइल दाबून लहान करायची ही पद्धत निकॉनने बाहेरच्या कंपनीच्या तंत्रावर उभी केलेली आहे आणि डार्कटेबलला अशा फाइली वाचता येत नव्हत्या. अकराशे फोटोंच्या जागी अकराशे कवट्या. खरंच, न उघडणाऱ्या फाइलीच्या जागी ते कवटी दाखवतं. पुतणीचा रात्री साडेदहाला फोन, "दादा, हे काहून उघडून नाही राहिलं? कार्ड तर नाही गेलं?" कार्ड ठीक होतं. पुन्हा डीएनजी कन्व्हर्टरची वाट धरली, रात्रभर संगणक चालू ठेवला आणि वाचवलेली जागा व्याजासकट परत गेली.

निर्णयाचा खरा प्रसंग

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काउंटरवर एक गृहस्थ आले. २०१९ साली मुलीचं लग्न याच स्टुडिओने केलं होतं. आजी वारल्या होत्या आणि त्या लग्नातला आजींचा नातीला ओवाळतानाचा फोटो मोठा करून हवा होता, तेराव्याच्या आत.

अल्बमसाठी काढलेला जेपेग लहान आकाराचा होता. मूळ रॉ सापडली. उघडली तर अंधारा, पिवळट, वाकडा फोटो. चार वर्षांपूर्वी पुतणीने त्यावर अर्धा तास घातला होता. आजींचा चेहरा वेगळा उजळवला होता, मागचा पंखा पुसला होता. ती सगळी मेहनत लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये अडकलेली. लाइटरूम हवं तर एडिटिंगच्या नोंदी फोटोशेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलीत लिहून ठेवतं, पण ती सोय आपण होऊन चालू नसते, आणि इथे ती कधीच चालू केलेली नव्हती. असती तरी फार उपयोग नव्हता. डार्कटेबल त्यातलं कापणं, उजळवणं, निवडीचे तारे असलं थोडंफार घेतं, चेहऱ्यापुरतं केलेलं बारीक काम नाही.

या क्षणापर्यंत आम्ही सगळे 'उद्याचे फोटो कुठलं सॉफ्टवेअर चांगले काढेल' एवढंच तोलत होतो. कॅटलॉगमध्ये आठ वर्षांचे दोन लाखांवर फोटो पडून आहेत, आणि त्यांतला कुठला कोण केव्हा मागेल ते सांगता येत नाही, हे वहीत कुठेच नव्हतं.

त्याच संध्याकाळी लाइटरूम क्लासिकची सात दिवसांची चाचणी प्रत उतरवली. जुना कॅटलॉग बॅकअपमधून काढला. त्याने तो नव्या रूपात बदलून घेतला, पंचवीसेक मिनिटं लागली. आजी उजळ चेहऱ्याने पडद्यावर आल्या, पंखा गायब. भाऊ काही बोलले नाहीत. खिशातून कार्ड काढलं आणि पुतणीला दिलं.

त्यानंतर काय केलं

लग्नं लाइटरूम क्लासिकवर आली. पण परत जाण्याआधी दुसरी चाचणी घेतली, या वेळी सगळ्यात वाईट बारा फोटोंची. हळद, एलईडी, वरातीतले बँडच्या दिव्यांखालचे, आणि एकाच चौकटीत काळा कोट आणि शालूची जर असलेले. हळदीला लाइटरूमचं नेहमीचं अडोबी कलर प्रोफाइल भडक पडतं. ते बदलून कॅमेऱ्याचं न्यूट्रल लावलं आणि पिवळ्याची उजळी थोडी उतरवली, तर रेघाही राहिल्या आणि आईला हवा तो पिवळाही. पुतणीने त्याचं प्रीसेट करून ठेवलं, नाव दिलं 'हळद दुपार'.

स्टेजवरचे अगदीच बिघडलेले वीस-पंचवीस फोटो ती अजूनही डार्कटेबलमध्ये करते आणि टिफ, म्हणजे दर्जा न घटवणारी फाइल, करून आणते. दोन सॉफ्टवेअर वापरणं मला आधी गबाळेपणाचं वाटत होतं. आता वाटत नाही.

कँडिडवाल्याला सांगितलं, हाय एफिशिएन्सी बंद, लॉसलेस, म्हणजे काही न गमावता दाबलेलीच फाइल द्यायची. त्याने कार्डाच्या खर्चाची कुरकुर केली, तर भाऊंनी एक कार्ड घेऊन दिलं. मूळ फाइली पुसणं बंद. एक्सएमपी लिहायची सोय चालू. नोंदणी स्टुडिओच्या ईमेलवर, पासवर्ड भाऊंच्या डायरीत, पेनने. जानेवारीत मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्डही आलं, जे ऑक्टोबरमध्येच यायला हवं होतं. त्यानंतर लाइटरूममधलं दाणा काढायचं एआय वापरण्याजोगं झालं. ते तेव्हा प्रत्येक फोटोची वेगळी मोठी डीएनजी बनवायचं, म्हणून फक्त वरातीच्या निवडक फोटोंना.

निकाल

सीझन निभावला. दुसऱ्या लग्नापासून पुन्हा तीन दिवसांचा हिशेब आला, ग्राफिक्स कार्डनंतर अडीच. पहिल्या लग्नाचा अल्बम दहा दिवस उशिरा गेला आणि भाऊंनी चार शीट फुकट वाढवून दिली. हळदीचे फोटो नव्याने एडिट केले. आजींचा फोटो तेराव्याच्या दोन दिवस आधी पोचला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

डार्कटेबल वाया गेलं असं मात्र नाही. भाऊ दरवर्षी तान्ह्या पोळ्याला महाल-इतवारीच्या गल्ल्यांत मारबत या मोठ्या पुतळ्याच्या मिरवणुकीचे फोटो काढतात, धंद्यासाठी नाही, स्वतःसाठी. पिवळी मारबत, तिच्यावर ऊन, भोवती गुलाल आणि 'घेऊन जा गे मारबत'चा गजर. तो पिवळा ते डार्कटेबलमध्ये तासतासभर घोटत बसतात. घाई नसलेल्या माणसाला ते सॉफ्टवेअर फार मानवतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी चाचणी प्रत उतरवून जुना कॅटलॉग उघडून बघायला हवा होता. सात दिवस फुकट होते. सीझन संपेपर्यंत भाड्याने घ्यायचं आणि शांतपणे उन्हाळ्यात बदलायचं, हा सहावा पर्याय वहीत नव्हता. बदलायचंच होतं तर एका बारशापासून सुरुवात करायची, लग्नापासून नाही.

कॅप्चर वनला न्याय मिळाला नाही. ते लाइटरूमचा कॅटलॉग घेतं, कापणं-उजळवणं-तारे एवढं सोबत आणतं. एखादा स्टुडिओ आज नव्याने सुरू होत असेल आणि पाठीवर जुनं ओझं नसेल, तर मी त्याला आधी तेच बघायला सांगेन. भाऊंच्या बाबतीत ओझंच निर्णायक ठरलं.

आणि भाड्याचा प्रश्न सुटलेला नाही, पुढे ढकलला आहे. म्हणून दर लग्नाचा अल्बम गेला की त्यातले निवडक फोटो पूर्ण आकारात, एडिटिंगसकट, १६ बिटच्या टिफमध्ये काढून वेगळ्या डिस्कवर ठेवायचे असं ठरलं आहे. नव्या लग्नांचं ते होतं. जुन्यांतलं मागे जात २०१९ पर्यंत झालं. २०१५ ते २०१८ बाकी आहे, पुतणी दुपारी काउंटर शांत असला की थोडं थोडं काढते.